नवसाक्षराच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यायचे?

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या तीन शब्दांपैकी पुढच्या दोन शब्दांच्या क्रमावरून आपल्यात आजही वाद होतात. आधी संघटन की आधी संघर्ष, यावर विहारात रात्री बारापर्यंत चर्चा रंगलेली मी पाहिली आहे. पहिल्या शब्दाबद्दल मात्र कुणाचेच दुमत नाही. आणि दुमत नाही म्हणूनच बहुधा त्या शब्दाकडे कुणी नीट पाहात नाही. शिकणे म्हणजे शाळा, कॉलेज, डिग्री, नोकरी असे आपण ठरवून टाकले आहे. ज्या माणसाने वयाच्या पन्नाशीत अक्षर ओळखले, ज्या बाईची शाळा चौथीत सुटली आणि त्यानंतर हातात छापील कागद आला तो फक्त रेशनकार्डाचा, ती माणसे या 'शिका' मध्ये येतात की नाही?

केंद्र सरकारचा 'उल्लास - नवभारत साक्षरता कार्यक्रम' २०२२ पासून सुरू आहे, त्याची मुदत २०२७ पर्यंत आहे. आपल्या राज्यात त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. गावोगावच्या शाळांत त्या दिवशी नातवंडांच्या बाकावर आज्या बसल्या, डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी पेपर सोडवला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. चांगले झाले. त्यांना प्रमाणपत्रेही मिळाली. पण प्रमाणपत्र मिळाल्यावर पुढच्या आठवड्यात त्या बाईने काय वाचायचे, याचे उत्तर त्या कार्यक्रमात नाही. जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरील, कोणतीही एक भाषा समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या पुढे साक्षर आहे. यात 'वाचता येते' एवढेच मोजले जाते. 'वाचतो' हे कुठेच मोजले जात नाही. ज्याला वाचता येते पण जो वाचत नाही, त्याचे अक्षर दोन-चार वर्षांत पुसले जाते. पोहायला शिकून पुन्हा पाण्यात न उतरणाऱ्यासारखे हे नाही. पोहणे विसरत नाही म्हणतात, वाचणे विसरते.

आता आपल्या चळवळीकडे येऊ. पुस्तकांच्या बाबतीत आपल्या समाजाची बरोबरी करणारा दुसरा समाज या राज्यात शोधून सापडणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि परतताना पिशवीत प्रसाद नव्हे, पुस्तके घेऊन जातात. हातावर पोट असलेला माणूस तिथे दीडशे-दोनशे रुपयांची पुस्तके घेतो. याचा अभिमान बाळगायलाच हवा. पण ती पुस्तके घरी गेल्यावर काय होते? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तथागतांच्या मूर्तीशेजारी ठेवले जाते. भारताचे संविधान त्याच्या बाजूला. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मुलाच्या दप्तरात जाते किंवा कपाटात. घरातल्या ज्या बाईने नुकतेच अक्षर ओळखले आहे, तिला कुणीतरी कार्यकर्ता मोठ्या भावनेने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' देतो आणि सांगतो, "ताई, रोज दोन पाने वाचत जा."

ती ताई पहिले पान उघडते. जोडाक्षरे, लांब वाक्ये, पाली नावे. बोट ठेवून ती चार ओळी वाचते, पाचव्या ओळीपर्यंत पहिली ओळ विसरलेली असते. ती पुस्तक मिटते, कपाळाला लावते आणि जागेवर ठेवते. पुस्तक अवघड आहे असे ती म्हणत नाही. बाबासाहेबांचे पुस्तक अवघड कसे असेल? ती म्हणते, "मलाच जमत नाही." हा तिने स्वतःविरुद्ध दिलेला निकाल असतो आणि या निकालावर अपील होत नाही. हजारो वर्षे जे ऐकवले गेले की तुमच्या डोक्यात विद्या शिरणारच नाही, ते तिला शेवटी पटते, आणि पटवून देणारा कुणी मनुवादी नसतो, आपलाच भला कार्यकर्ता असतो.

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन होते. आमच्या सायखेड्याच्या परिसरातही होते. एकजण वाचतो, चाळीसजण ऐकतात. ती पद्धत चांगलीच आहे, ती बंद करा असे माझे म्हणणे नाही. पण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ऐकणारा वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. कोर्टात मी हे रोज बघतो. खरेदीखताच्या शेवटी 'मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे' असे छापलेले असते आणि त्याखाली अंगठा असतो किंवा मोठ्या कष्टाने काढलेली सही असते. वाचून कुणी पाहिलेला असतो? समोरच्या पार्टीच्या माणसाने वाचून दाखवलेला असतो, तोही त्याला हवा तेवढा. बचत गटाच्या कर्जाचे कागद, महिला सरपंचापुढे ठेवलेला ग्रामसभेचा ठराव, वारसाची नोंद, सगळीकडे हेच. सही करता येणारा माणूस आणि दहा पाने सलग वाचून तिसऱ्या पानावरची अट आठव्या पानावर लक्षात ठेवणारा माणूस, यांच्यात जे अंतर आहे ते बाराखडीने भरून निघत नाही. ते सलग वाचण्याच्या सवयीने भरते. आणि सलग वाचण्याची सवय माणसाला लावते ती गोष्ट. पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय राहवत नाही म्हणून माणूस पान उलटतो. दुसऱ्या कोणत्याही लेखनात ही ओढ एवढी नाही.

यावर आपल्या काही मित्रांचा आक्षेप ठरलेला असतो. कथा-कादंबऱ्या ही पोट भरलेल्यांची करमणूक, आपल्याला त्यासाठी वेळ नाही, आपल्याला विचार हवा. मी त्यांना किसा गोतमीची आठवण करून देतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा तथागतांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कधी कुणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, म्हणाले. अडीच हजार वर्षे अनित्यता लोकांना कळली ती या मोहरीमुळे. जोतीराव फुल्यांनीही १८५५ साली शेतकऱ्याला ब्राह्मणी फसवणूक समजावून सांगायची ठरवली तेव्हा 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, आणि त्या नाटकातले फसवले गेलेले कुणबी जोडपे शेवटी कुठे निघते? रात्रीच्या शाळेत. प्रौढ माणसाने शिकावे म्हणून लिहिलेली आपल्या भाषेतली ही पहिली गोष्ट म्हणायला हरकत नाही. विचार आणि गोष्ट यांचे भांडण आपल्या परंपरेत नाहीच. ते नंतर कुणीतरी लावून दिले.

मग कोणाच्या गोष्टी? इथे माझे उत्तर पहिल्या क्रमांकाला पक्के आहे. अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. वाटेगावहून पायी मुंबईला आलेला हा मुलगा दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत वाचायला शिकला. म्हणजे नवसाक्षर असणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन याच माणसाने केले. ते कम्युनिस्ट होते म्हणून आपल्यातले काहीजण नाक मुरडतात. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, एवढे मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पण नवसाक्षराला सुरुवातीलाच 'फकिरा' देऊ नये. ती कादंबरी आहे, तिच्यात माणसे पुष्कळ आहेत, गावे पुष्कळ आहेत. सुरुवात 'स्मशानातील सोनं' या कथेने करावी. ही कथा मी आजवर अनेकांना वाचताना पाहिली आहे, आणि ती सोपी का जाते याचा विचार केला आहे. तिच्यात खरे तर एकच माणूस आहे, भीमा. त्याची अडचण पहिल्या पानावर कळते. मुंबईच्या उपनगरात खाणीत काम होते, खाण बंद पडली, घरात बायको आणि मुलगी. काम गेले की काय होते हे आमच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर तो दरवर्षी तेच जगतो. मग भीमाला स्मशानातल्या राखेत सोने सापडते आणि तो मढी उकरू लागतो. एक रात्र, एक सावकाराचे प्रेत, कोल्ह्यांशी झटापट, आणि प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे. इथपर्यंत आलेला माणूस पुस्तक खाली ठेवूच शकत नाही. जोडाक्षर अडले तरी तो ते ओलांडून पुढे जातो, कारण बोटे सुटतात की नाही हे त्याला कळायलाच हवे असते. शेवटी बोटे जातात आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. वाचणारा गप्प होतो. एका मावशींनी ही कथा तीन संध्याकाळी मिळून संपवली आणि म्हणाल्या, "भाऊ, दोन दिस आधी खाण चालू झाली असती तर?" साहित्याचे प्राध्यापक ज्याला कथेचा कळस म्हणतात तो मावशींना कुणी शिकवला नव्हता.

यातून जे लक्षात येते ते असे. सोपे म्हणजे बालबोध नव्हे. वाक्य लहान असावे, माणसे थोडी असावीत, अडचण लवकर कळावी, आणि एका बैठकीत किंवा दोन-तीन बैठकांत संपावे. विषय मात्र मोठ्या माणसाचा हवा. साक्षरता प्रसारासाठी काढलेल्या अनेक सरकारी पुस्तिका इथेच फसतात. अक्षर मोठे, चित्रे छान, आणि आत काय, तर शौचालय बांधा, हात धुवा, लहान कुटुंब सुखी कुटुंब. चार बाळंतपणे आणि दोन दुष्काळ पाहिलेल्या बाईला हात धुवायला शिकवणारी गोष्ट! ती पुस्तिका वाचून संपते, पण दुसरी मागायला कुणी येत नाही. अक्षर नवे असले तरी माणूस जुना आहे, हे त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

रशियात टॉलस्टॉयसारख्या लेखकाला हे कळले होते. जमीनदार घराण्यातला हा माणूस, पण त्याने आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, त्यांच्यासाठी अंकलिपी लिहिली आणि पुढे १८८४ साली मित्रांबरोबर 'पोस्रेदनिक' नावाचे प्रकाशन उभे केले. खेडुतांना परवडतील अशा किमतीच्या छोट्या पुस्तिका काढायच्या, हा त्याचा उद्देश. माणसाला जमीन किती लागते, या प्रश्नावरची त्याची कथा त्याच काळातली, १८८६ ची. जमिनीचा हव्यास धरून दिवसभर धावणारा आणि शेवटी सहा फुटांत मावणारा शेतकरी. ती कथा निफाड तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला वाचायला द्या, तो आपल्या भाऊबंदांपैकी एकाचे नाव घेऊन हसेल. ही दावे चालवणाऱ्या माणसाची साक्ष आहे.

अण्णा भाऊंच्या नंतर बंधुमाधव. यांचे नाव आज नव्या पिढीला माहीत नाही. त्यांची 'विषारी भाकरी' ही कथा एवढी मोलाची, की १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनाला तिचेच नाव दिले गेले. शाळेत जाणारा नातू आणि आजोबा पाटलाच्या खळ्यावर दिवसभर राबतात, आणि मोबदल्यात मिळतात बुरशी आलेले भाकरीचे तुकडे. तेच खाऊन आजोबा जातात. कथा नातू सांगतो आणि जाताना आजोबा त्याला ही भाकरी सोडायला सांगतात. ही कथा मी नवसाक्षर आणि त्याचा शाळेतला नातू यांना एकत्र वाचायला देतो. एक परिच्छेद आजोबांनी वाचायचा, एक नातवाने. यात दोघांचाही फायदा आहे. बलुत्याची भाकरी म्हणजे काय ते नातवाला ठाऊक नसते आणि आजोबांना सांगायला निमित्त हवे असते.

शंकरराव खरातांचेही असेच. ते कायद्याचे शिक्षण घेतलेले होते, वकिली केलेले होते, पुढे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण भाषा बघा. वकिली लेखणीचा पल्लेदारपणा कुठे नाही. घडले ते असे घडले, इतके सरळ. 'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा' या संग्रहांतली माणसे आटपाडीकडची असली तरी चावडीपुढे उभा राहणारा रामोशी, मेलेल्याचा सांगावा घेऊन उन्हातान्हात धावणारा महार, हे कोणत्याही गावचे आहेत. समीक्षक खरातांवर रुक्षपणाचा ठपका ठेवतात. नवसाक्षराच्या दृष्टीने तो गुण आहे. अलंकार नसले की अडखळायला जागा राहात नाही.

आता बोलीचा प्रश्न. पुष्कळजण समजतात की बोलीत लिहिले म्हणजे आपोआप सोपे. तसे नाही. अण्णा भाऊंची बोली वारणेकाठची, आपली गोदाकाठची. शिवाय नवसाक्षर जी अक्षरे शिकतो ती पाठ्यपुस्तकातली. 'नाही' लिहायला तो शिकलेला असतो आणि पुस्तकात 'न्हाई' दिसले की तो थांबतो, छपाई चुकली असे समजतो. यावर उपाय एकच, संवाद मोठ्याने वाचायचे. डोळ्याला न ओळखता आलेला शब्द कानाला लगेच ओळखू येतो, आणि आपण बोलतो तसे पुस्तकात छापता येते हे कळल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो शब्दात सांगता येणार नाही. आपली भाषा अशुद्ध आहे असे शाळेने सांगितलेले असते. छापील पानावर ती दिसली की शाळेचे ते म्हणणे खोटे ठरते.

प्रस्थापितांच्या लेखकांचे काय करायचे? मी बहिष्कारवादी नाही. पण डोळे उघडे ठेवूनच निवड केली पाहिजे. वाचनाची सुरुवात म्हटली की 'श्यामची आई' पुढे केली जाते. साने गुरुजींबद्दल मला आदर आहे. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसलेला तो माणूस होता. पुस्तकही आपल्या नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलेले. वाक्ये लहान, भाषा गोड. पण त्यात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी डोक्यावर चढवता न येणाऱ्या म्हाताऱ्या महारणीला हात दे, असे आई श्यामला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. त्या काळच्या मानाने ती आई थोरच. पण आपल्या वस्तीतली बाई जेव्हा तो प्रसंग स्वतः बोट ठेवून वाचते, तेव्हा ती श्याम नसते, ती मोळीवाली असते. त्या आंघोळीच्या वाक्यावर तिचे बोट थांबते. हे पुस्तक देऊ नये असे मी म्हणत नाही. पहिले देऊ नये. दहा पुस्तके वाचून झाल्यावर ती त्या आईशी भांडू शकेल, मग जरूर द्यावे.

'मृत्युंजय' आणि 'ययाति' ही लग्नात आहेर म्हणून दिली जाणारी जाडजूड पुस्तके. यांचे संस्कृतप्रचुर वाक्य नवसाक्षराला झेपणारे नाही हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, जातीवरून हिणवलेल्या कर्णाचे दुःख वाचून आपला तरुण हळहळतो, पण त्या दुःखाचा उलगडा काय होतो? तर तो मुळात क्षत्रियच होता! सूतपुत्र म्हणून त्याचा अपमान झाला हे चूक, की खरा सूतपुत्र असता तर तो अपमान बरोबर होता? हा प्रश्न विचारता येण्याइतका वाचक तयार झाला की त्याने खुशाल वाचावे.

व्यंकटेश माडगूळकर मात्र मी निःशंकपणे देतो. 'माणदेशी माणसं' मधली व्यक्तिचित्रे पाच-सात पानांची आहेत. 'बनगरवाडी' ही १९५५ ची कादंबरी तर शाळेचीच गोष्ट. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, शाळेत मुले यावीत म्हणून त्याची धडपड, वाडीच्या कारभाऱ्याचा आधार, आणि शेवटी दुष्काळाने उठून जाणारी वाडी. माडगूळकरांच्या वाक्यात एकही शब्द उगाच आलेला नसतो. एक वाक्य, एक चित्र. जन्माने ते ब्राह्मण होते, पण धनगराच्या मेंढराकडे त्यांनी धनगराच्या डोळ्यांनी पाहिले. प्रेमचंदांच्या हिंदी कथांबद्दलही हेच. 'ठाकूर का कुआँ' मधली पाण्यासाठी रात्री विहिरीवर जाणारी गंगी आपल्याला महाडच्या आधीचा काळ दाखवते. याच प्रेमचंदांच्या 'रंगभूमी' या कादंबरीच्या प्रती २००४ साली दिल्लीत एका दलित संघटनेने जाळल्या होत्या, त्यातल्या जातवाचक उल्लेखांवरून. जाळण्यापेक्षा त्यावर भांडण लिहायला हवे होते असे माझे मत आहे. बाबासाहेबांनी जाळली ती मनुस्मृती, जी कायदा म्हणून माणसांवर चालवली जात होती. कादंबरी हा कायदा नाही.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांच्या विनोदी कथा वाचनाची गोडी लावतात यात शंका नाही. हसत हसत माणूस वीस पाने वाचून जातो. फक्त हसू कोणावर येते आहे, ते बघावे. खेडवळ माणूस आपल्या अडाणीपणामुळे हास्यास्पद ठरतो अशा गोष्टी नवसाक्षराच्या जिव्हारी लागतात, तो हसतो पण पुढची गोष्ट मागत नाही. शंकर पाटलांची 'धिंड' चालते, कारण तिथे गावाच्या दारूबंदीचेच हसे होते.

बाबुराव अर्नाळकरांचे नाव या पानावर बघून काही वाचक दचकतील. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा लेखक एका पिढीने गिरणगावच्या चाळीत दिव्याखाली वाचला. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांतून क्रांती होत नाही, मान्य. पण वाचनाचा वेग येतो. अक्षर जोडून वाचणारा माणूस शब्द वाचू लागतो, शब्द वाचणारा ओळ वाचू लागतो, ही मजल मारण्यासाठी रहस्यकथेसारखे साधन नाही. तरुण मुलाला, ज्याची शाळा सातवीत सुटली आणि जो आता ट्रॅक्टरवर जातो, त्याला मी सुहास शिरवळकरही देतो. आधी वेग येऊ द्या, दिशा आपण देऊ.

स्त्रियांसाठी वेगळी पुस्तके असावीत असे मला वाटत नाही, पण स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके लवकर हातात पडावीत असे नक्की वाटते. ऊर्मिला पवारांची 'कवच' ही कथा आंबे विकायला बाजारात बसणाऱ्या आईची आणि लोक तिला काय बोलतील या विचाराने शरमणाऱ्या तिच्या शाळकरी मुलाची आहे. सायखेड्याच्या आठवडे बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला ती कथा कुणी समजावून सांगावी लागत नाही. उलट तीच आपल्याला समजावून सांगते की गिऱ्हाइकाच्या दुहेरी अर्थाच्या बोलण्याला कसे उत्तर द्यायचे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन आहे, कथा नव्हे, पण नियम मोडून मी ते या यादीत घालतो. किराणा दुकानात बसून, सामान बांधून आलेल्या कागदांवर, नवऱ्यापासून लपवून बेबीताईंनी ते लिहिले. हे ऐकल्यावर कितीतरी बाया पुस्तक आधी हातात घेऊन उलटसुलट करून बघतात. नियम मोडलाच आहे तर आपल्या तालुक्यातले एक पुस्तकही सांगतो. डॉ. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही'. हे कुटुंब ओझरचे. बापाला लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण जेमतेम, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या. ओझर, नाशिक, काळाराम मंदिराचा सत्याग्रह ही नावे पानावर दिसली की आमच्याकडचा वाचक थांबत नाही. आपले गाव पुस्तकात असू शकते, याचा धक्का फार मोठा असतो.

आणि बाबुराव बागूल? नाशिकजवळच्या विहितगावचे, आपल्या मातीतले सर्वात मोठे कथाकार. १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ने मराठी कथेचा चेहरा बदलला. त्यांच्यावर माझी एवढी भक्ती आहे की त्यांना पहिल्या फेरीत कुणाला देऊ नये, असेच मी सांगतो. बागुलांचे वाक्य उसळत येते, एकात एक गुंतते, शब्द जड असतात, आणि आतला अंधार इतका दाट की तयारी नसलेला माणूस गुदमरतो. 'मरण स्वस्त होत आहे' ज्याने फार लवकर वाचले तो बागुलांना कायमचा दुरावतो. त्यातल्या त्यात जात चोरल्याची ती शीर्षककथा आधी द्यावी, कारण नोकरीसाठी परगावी जाऊन खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले जाणे हा अनुभव अजून जुना झालेला नाही.

वाचायला उशिरा शिकणे ही लाजेची गोष्ट नाही हे सांगायला आमच्याकडे वामनदादा कर्डकांचे नाव पुरते. शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत तरुणपणी कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून त्यांच्याकडे आले, आणि ते त्यांना वाचता आले नाही. त्यानंतर ते बाराखडी शिकले. ज्यांची गाणी आज महाराष्ट्रभर आपल्या प्रत्येक जयंतीत वाजतात, तो माणूस नवसाक्षर होता, हे विहारात सांगितले की मागे बसलेली चार माणसे पुढे सरकतात.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. पुस्तके मिळायची कुठून? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळते. आपल्या गावच्या किंवा जवळच्या वाचनालयात जाऊन नवसाक्षरांसाठी वेगळे कपाट मागणे यासाठी मोर्चाची गरज नाही, एक लेखी अर्ज पुरतो. त्याची पोच मात्र घ्यावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. मातंग समाजाच्या मुक्ता साळवेने आपला निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आणायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. एवढ्या जुन्या परंपरेच्या जिल्ह्यात आपल्या माणसांसाठी एक कपाट मागणे जास्त नाही. सरकारी छपाईच्या भरवशावर मात्र बसू नये. बाबासाहेबांच्या साहित्याच्या छपाईचेच काम रखडले तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जातो त्याच्या दहाव्या हिश्शात विहारात पन्नास पातळ पुस्तके येतात. पातळच घ्यावीत. जाड पुस्तकाची जाडीच माणसाला घाबरवते. कथासंग्रह असेल तर एका कथेची मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून द्यावी, चाळिशीनंतर चष्मा नसलेल्यांना पुस्तकातले अक्षर दिसतच नाही आणि तो माणूस समजतो की आपल्याला वाचता येत नाही. डोळे तपासणी शिबिर आणि वाचनवर्ग एकाच दिवशी ठेवावा, हा आमचा अनुभवाचा सल्ला.

वेळेचेही गणित आहे. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत डिपिंग, थिनिंग सुरू झाले की बाया पहाटे जातात आणि दिवेलागणीला येतात. मार्चपर्यंत त्यांच्याकडून वाचनाची अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यात कामे कमी असतात आणि वर्षावासही तेव्हाच असतो. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास गोष्टीचा ठेवायचा, प्रत्येकाने पाच ओळी वाचायच्या, चुकले तर कुणी दुरुस्त करायचे नाही. पुढच्याने वाचताना ते आपोआप दुरुस्त होते. गोष्ट ऐन अडचणीच्या जागी थांबवायची आणि झेरॉक्स घरी न्यायला द्यायची. सायखेडा-चांदोरीला गोदावरीचा पूर नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घराघरात शिरले होते. म्हणून पुस्तकांचे कपाट भिंतीला उंचावर ठोकले आहे. सर्वात वरच्या कप्प्यात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या प्रती आहेत, हात पोचेल अशा कप्प्यात अण्णा भाऊ, खरात आणि माडगूळकर. येत्या आषाढी पौर्णिमेला 'फकिरा' सुरू करायचे ठरले आहे. पहिल्या पाच ओळी कोण वाचणार यावरून दोन आज्यांमध्ये आत्ताच वाद चालू आहे.